चाळलेली माती

इमेरेतीच्या डोंगरउतारावर आमचं गाव.
माणूस उभा मावेल एवढे रांजण घडवणारी तीन घरं,
त्यातलं एक माझं.
क्वेव्री म्हणतात इथे त्या रांजणांना. गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात,
आत द्राक्षांचा रस आपला आपण ठरवतो
दारू कधी व्हायचं ते.

पाच वर्षांपूर्वी माझा एक रांजण भट्टीत तडकला.
सहाव्या रात्री. अक्रोडाची फांदी मोडावी
तसा आवाज आला.
तेलावीचं गिऱ्हाईक टोपी हातात घेऊन उभं होतं.
काहीच बोललं नाही.
ते न बोलणं मी घरी आणलं
आणि रोज जेवायला बसवलं.

तेव्हापासून मी तयारी करतोय.

आधी माती चाळायला हवी, म्हणालो. चाळली.
मग चाळणी बारीक हवी, म्हणून कुताईसीला गेलो.
फळ्यांना तेल, थापीला तेल, दाराच्या बिजागरीला तेल.
नमनालाच किती घडे तेल गेलं,
आणि घडा मात्र एकही नाही.
सोमवारी हवा दमट. मंगळवारी कंबर.
बुधवारी केली असती सुरुवात,
पण आठवड्याच्या मध्येच कोण सुरुवात करतं?
लामारा विचारायची, ओतिया, आज?
मी म्हणायचो, आज यादी करतो.
यादी सुरेख व्हायची.
काट मारायला मिळावी म्हणून
कालच उरकलेली कामं मी तीत पुन्हा लिहायचो.

गावाला वाटलं, आळस.
आळशी माणूस झोपतो हो.
मी रात्री तीनला टक्क जागा असायचो,
न घडवलेल्या रांजणांना
एकेक करून तडे पाडत.

मग परवाच्या महिन्यात शेजारची नाझिब्रोला आली.
नऊ वर्षांची. शाळेसाठी बकरी करायची होती तिला,
मातीचा गोळा मागितला. दिला.
तिने चार पाय केले. चारही बसले.
परत केले, परत बसले.
म्हणाली, काका, तुमची माती उभीच राहत नाही.

मी हात घातला. लोणी नुसतं.
पाच वर्षं चाळून चाळून
त्यातली सगळी रेती, सगळे खडे मी हाकलले होते,
ज्यांच्या जिवावर भिंत उभी राहते तेच.
बाहेर ढीग पडला होता त्यांचा
आणि कोंबड्या त्यात लोळत होत्या.

इथे तू हसायला हवं होतंस, असं लामारा सांगते.
नाही हसलो.
कोंबड्या हुसकावल्या, फावड्याने ढीग आत ओढला,
अनवाणी पायांनी तुडवला.
एक खडा टाचेला टोचला,
तोही राहू दिला.

रांजणाला दिवसाला एकच पट्टा चढतो, चार बोटं उंच.
हाव धरली तर खालचा बसतो.
बारा वर्षांचा असल्यापासून हे मला ठाऊक.
कळत होतं, वळत नव्हतं,
आणि मातीची वळी तर
हातानेच वळावी लागते.

पहिला पट्टा वाकडा झाला.
दुसऱ्या पहाटे पहिले पाढे पंचावन्न:
कंबर आली, दमट हवा आली,
टोपी हातात धरलेला तो माणूसही आला.
चालते व्हा, असं नाही म्हटलं मी त्यांना.
म्हटलं, बाकावर बसा, मला चार बोटं चढवायची आहेत.
बसले. दुपारपर्यंत बसले.
लामाराने चुकून बाकावर पिठाचं पोतं ठेवलं,
तेव्हा सरकले थोडे.

आता रांजण माझ्या गुडघ्याच्या वर आलाय.
एका बाजूला पोट सुटलंय त्याला, माझ्यासारखंच.
भट्टीत काय होईल, माहीत नाही.
खिडकीत नाझिब्रोलाची बकरी वाळतेय,
तीन पायांवर.

संध्याकाळी वरच्या कडेवर
ओलं फडकं टाकून येतो.
कड ओली राहिली
की उद्याचा पट्टा धरतो.