कॉलरच्या आतली पट्टी

कॉलरच्या आत, जिथं घाम आधी पोचतो,
तिथं मी बोटभर पट्टी शिवते :
पंचफुला आडे, तालुका घाटंजी.
अक्षरं काळ्या दोऱ्याची.
तो काळा हिरड्याचा, आणि गंजक्या खिळ्यांच्या पाण्याचा.
खिळे मोडीत निघालेल्या होडीचे,
फिलोमेनानं दाभोसवाड्यातून डबाभर आणलेले.

वेंगुर्ल्यात कापूस होत नाही.
इथल्या तांबड्या दगडाला काजू कळतो, कोकम कळतं.
कापूस म्हणजे परसातलं एखादं झाड,
देवाच्या वातीपुरतं.
पंधरा वर्षं मी कापड शिवलं
आणि ते कुठून येतं, कधी विचारलं नाही.
ताग्याला गाव नसतं,
तागा दुकानातच उगवतो.

मग हा हातमागाचा आला,
विणीत बारीक काळे ठिपके.
मी नखानं खरवडायला लागले.
फिलू म्हणाली, "डाग न्हय गो, सरकी आसा ती."
सोबत कागद होता :
पेरणीआधीच ठरलेला भाव,
आणि एक नंबर.

लावला.
"तुमच्या इकडं समुद्र हाये म्हन्ते.
रातभर आवाज करते का?"
मी मोबाइल खिडकीबाहेर धरला.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली,
"आमचं जिनिंग असंच वाजते."

फवारा सोडून तीन वर्षं झाली तिला.
पहिल्या साली निम्माच झाला,
सासरा आठवडाभर बोलला नाही.
आता बकरी बांधावर चरते, कुणी हाकलत नाही.
संध्याकाळी डोळे चुरचुरत नाहीत.
काट्यावर कुणी कटती धरत नाही.
आणि, हे तिनं हळू सांगितलं,
"औंदा दात बसोले."
तरीच तिचा 'स' एवढा स्वच्छ येत होता.

दुकानात पर्यटक येतात.
"सुतीच ना? मग एवढा महाग?"
मी शर्ट उलटा करून पुढं ठेवते.
बरेच जण पुन्हा सुलटा करतात आणि निघून जातात.

परवा एकजण घेतलेला शर्ट घेऊन परत आला.
"ही पट्टी मानेला टोचते. काढून द्या."
बरोबर होतं त्याचं, टोचत होती.
ब्लेडनं एकेक टाका उसवला.
तो बाहेर सोडा पीत उभा होता.
तेवढ्यात मी ती खालच्या दुमडीत,
जिथं टोचणार नाही तिथं,
परत शिवली.
त्याला सांगितलं नाही.