अनुमान, खोली नंबर सात

मंगळवारी साडेसातला आमचा रक्त काढण्याचा तास सुटतो
आणि त्याच बाकांवर तत्त्वज्ञान येऊन बसतं.
मधल्या पाच मिनिटांत बिन्सी सिस्टर
सुया डब्यात टाकतात, टेबल स्पिरिटने पुसतात,
पण रबरी हात तिथंच राहतो,
कोपरापाशी तुटलेला, तळवा वर,
आत लाल रंगाचं पाणी.

ओतारी सर हजेरीचं पुस्तक त्याच्यावरच ठेवतात.

माझी फी रक्ताची आहे, तत्त्वज्ञानाची नाही.
पण वाशीला नऊची नाइट, बस आठ वीसची.
तोवर तुर्भे नाक्यावर उभं राहण्यापेक्षा
पंख्याखाली बसलेलं बरं.
सर काही बोलले नाहीत. तिघंच तर असतात वर्गाला:
बँकेतून रिटायर झालेले घैसास, कानाला यंत्र लावून,
एमआयडीसीतला प्रणिल, जो रोज झोपतो,
आणि फिरदोस, जिला वादच घालायचा असतो.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं:
डोंगरावर धूर आहे, म्हणून डोंगरावर अग्नी आहे.
दोन हजार वर्षं लोक हे वाक्य शिकतायत, म्हणाले.

माझं तोंड आपसूक उघडलं.
सर, आमच्या डोंगरावर नव्हता.

कुठल्या?

मी खिडकीतून बोट दाखवलं. अंधारात नुसते वरचे दिवे.
बोनसरीच्या खाणीत माझा बाप सुरुंग भरायचा.
रोज दुपारी डोंगरावर पांढरं उठायचं,
लांबून बघणारा म्हणणार, जाळ लागला.
धुरळा होता तो, सर.
आम्ही पोरं दोरीवरची कापडं काढायला धावायचो.
बाप घरी यायचा भुवया पांढऱ्या करून,
आणि छातीत जे बसलं ते एक्स-रेत दिसलं.
डॉक्टर म्हणाले, टीबी.
तेही अनुमानच.
नऊ महिने गोळ्या खाल्ल्या त्यानं,
नसलेल्या आगीवर पाणी.

प्रणिल जागा झाला होता.
सर बराच वेळ बोटांवरचा खडू झटकत राहिले.
मग ‘धूर’च्या शेजारी ‘धुरळा’ लिहिलं, खाली एक जड शब्द,
हेत्वाभास,
जो मी बसमध्ये तीनदा म्हणून बघितला.
कंडक्टरला वाटलं, स्टॉपचं नाव.

बिन्सी सिस्टर सांगतात,
दिसते ती शीर फसवते. निळी, वरवरची, टोचली की सरकते.
डोळे मिटा, बोटानं शोधा,
दबून परत वर येते ती आपली.
मला जमतं हे. पाट्याला टाकी लावायच्या आधी
आई दगडाची शीर अशीच चाचपायची.

मार्चात परीक्षा. प्रत्येकीला एक जिवंत हात हवा होता.
माझ्या वाट्याला कुणी नव्हतं, नवरा सुईला भितो.
ओतारी सरांनी बाही वर केली.

वहीत लिहिलंय तसं आधी विचारलं,
तुमचं पूर्ण नाव सांगा.
चिठ्ठीवरून वाचायचं नसतं, पेशंटच्या तोंडून ऐकायचं असतं.
वर्षभर जो माणूस आम्हाला विचारत होता, मी म्हणजे नेमकं कोण,
तो अडखळला.
मग म्हणाला, सदानंद केरू ओतारी,
जन्मतारीखही सांगितली, न विचारता.

पट्टा बांधला. काहीच दिसेना. बोटाला लागली.
लाल टोपण भरलं, मग जांभळं.
पट्टा सोडला, सुई काढली, बोळा दाबला.
दुखलं का, सर?
नाही, म्हणाले.
अंगठा मात्र मुठीत गच्च.
मी दोन्ही ऐकलं.

ट्यूबवर नाव घातलं, वेळ घातली, सात अठ्ठेचाळीस.
पाच मिनिटं दाबून धरा, म्हटलं, कोपर दुमडू नका.
त्यांच्या तासाची वेळ झालेली, आणि फळा पुसायला हात मोकळा नाही.
मीच पुसला.
सिस्टरनी काढलेला हात होता त्यावर, निळ्या खडूचा,
सगळ्या शिरा स्पष्ट दिसणारा.