बिल्ला क्रमांक दोनशे चौदा

ट्राममधून उतरलेली माणसं
आधी यर्डिससमोर येतात,
जहाजासमोर नंतर.

"कोट इथं," ती म्हणते. "छत्रीसुद्धा."
कुणी कुरकुरलंच तर सांगते,
आतल्या लाकडाला तुमची ओल सोसत नाही.

हे सांगताना तिला दर वेळी थोडं हसू येतं.
तीनशे तेहतीस वर्षं
जे समुद्राच्या तळाशी, चिखलात
निवांत पडून होतं,
त्याला आता धाक आहे
शाळेच्या एका सहलीचा,
भिजलेल्या लोकरीचा.

मुहूर्तालाच बुडालेलं जहाज.
स्टॉकहोमच्या धक्क्यावरून निघालं,
दीड किलोमीटरही गेलं नाही.
निरोपाला वर गेलेले हात
खाली यायच्या आत
तेच खाली गेलं.

एकवीस वर्षांच्या नोकरीत
यर्डिसने ते नीट पाहिलं असेल तीनदा.
बाकीचं तिला परतणाऱ्यांवरून कळतं :
कोट मागताना जरा हळू बोलतात,
घरात कुणी झोपलं असावं तसं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी
एक कोट उरला.
हिरवट, कोपरांना ठिगळं, पाण्याने जड.
पहारेकरी तूरे टॉर्च घेऊन
वरचे मजले फिरून आला,
स्वच्छतागृहं, उपाहारगृह,
तोफांच्या खिडक्यांखालचा अंधारसुद्धा.
कुणी नव्हतं.
बाहेर उणे चार.

मग कॅमेऱ्यात सापडला :
जर्मन पाहुण्यांच्या घोळक्यामागून
एक म्हातारा नुसत्या स्वेटरवर
फेरीबोटीकडे चाललाय,
घाई नाही, मागे पाहणं नाही.

विसरला, तूरे म्हणाला.
यर्डिस काही बोलली नाही.

खिशात खोकल्याची गोळी, अर्धी चघळून
परत कागदात गुंडाळलेली.
आणि पेन्सिलीने लिहिलेली यादी :
दूध.
बल्ब, लहान.
मार्गितला विचारणे.
काय, ते लिहिलेलं नाही.

वरच्या मजल्यावर काचेआड
एका खलाशाची पेटी आहे.
टोपी, जोडे, लोण्याची डबी.
लोक तिथं जहाजापेक्षा जास्त वेळ थांबतात
असं तूरे सांगतो.
मालक अज्ञात.

यर्डिसने वहीत लिहिलं :
कोट, पुरुषाचा, लोकर.
पुढच्या रकान्यात तेच दोन शब्द लिहिताना
पेन जरासं अडलं.

नियम नव्वद दिवसांचा.
कोट रेडिएटरजवळ वाळला
आणि वाळता वाळता
डाव्या खांद्याकडून कलला.
रोज सकाळी ती त्याला सरळ करायची.
लाकूडही असंच करतं म्हणे,
वर्षाला मिलिमीटरभर,
कुणाचं लक्ष नसताना.

एक्क्याण्णवाव्या दिवशी
तिने तो घडी करून
दानाच्या पेटीत घातला.
यादी मात्र घातली नाही.

त्या दिवशी घरी जाताना
तिने दूध घेतलं.
लहान बल्बही घेतला.
घरातले सगळे दिवे चालू होते,
तिने ते उगाच एकेक लावून पाहिले,
आणि बल्ब चमच्यांच्या खणात ठेवला.
मार्गित नावाचं
तिच्या ओळखीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फाचं पाणी.
दार उघडताच पोरांची झुंबड,
आणि दोनशे चौदाच्या खुंटीवर
इवलासा पिवळा रेनकोट,
एका बाहीतून
टिपटिप गळणारा.

यर्डिसने खाली बादली सरकवली.
"पुढचे," ती म्हणाली.