वर कोण, खाली कोण

पागधरेमावशींनी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यातून
दोन पिल्लं दिली.
"दोनी ने गो बाय, एकटं राहिलं की वेडं होतं."
एक राखाडी, बरगड्या मोजाव्यात असा. तो बोंबील.
दुसरी पिवळी. हळद.

तिसऱ्या रात्री कन्नमवार नगरातल्या आमच्या दीड खोलीत
रणकंदन.
हळदीचे दात बोंबलाच्या गळ्याशी,
मागच्या पायांनी ती त्याचं पोट खरवडतेय,
उशी, मिक्सरचं झाकण, लाईट बिलांची पिशवी, सगळं जमिनीवर.
मी झाडू घेऊन उभी.
मारू तरी कुणाला?

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात
डॉक्टर अणावकरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ओरडतात का?"
नाही. पडझडीचा आवाज होतो, त्यांचा नाही.
"मग झोपा निवांत.
खरं भांडण मुकं नसतं. गुरगुरतं, फिस्कारतं.
कान मागे चपटे होतात, इस्त्री फिरवल्यासारखे.
आणि एक बघा,
वर कोण, खाली कोण, हे बदलतं का?"

त्या रात्री खरकटी भांडी तशीच ठेवून
मी मोरीच्या कट्ट्यावर बसले, पंचासारखी.
हळद वर.
हळद वर.
मग बोंबील, पाठीची कमान करून
खेकड्यासारखा तिरका तिरका उडत आला
आणि वर.
नखं आत. दात टेकलेले, रुतलेले नाहीत.
मध्येच दोघं थांबले, आपला काही संबंधच नाही अशा थाटात
पंजे चाटू लागले,
आणि आत्ता जो हरला होता
तोच आधी धावून गेला.
हरलेला परत येतो, मी लिहून ठेवलं
दुधाच्या हिशेबाच्या वहीत,
अर्धा लिटर जादाच्या खाली.

पुढच्या आठवड्यात तन्मेशच्या मानेवर ओरखडा.
बाई फोनवर म्हणाल्या, "मुलंच ती, मस्ती करतात.
रुग्वेद आणि तो तर जिवलग आहेत."
तन्मेशही म्हणाला, मस्ती.
डबा न उघडता परत आलेला.
बुधवार होता. बुधवारी मी अंडं देते.

मी वाद घातला नाही.
सुतळीला बांधलेलं बाटलीचं झाकण पिल्लांपुढे ओढत
सहज विचारल्यासारखं विचारलं,
"तू पण असतोस ना वर? कधीतरी?"

तो बघत राहिला.
हळद उताणी, अख्खं पोट उघडं टाकून,
बोंबील तिच्या अंगावर,
आणि तिचे डोळे तर मिटत आलेले.
झाकण कपाटाखाली गेलं. ते काढायला कुणी वाकलं नाही.
"यांचं बदलतं," तो म्हणाला.

डॉक्टर, तुमची बाकीची लक्षणं बरोबर आहेत.
एवढं एक तेवढं
माणसाच्या पिल्लाला लागू नाही.
त्याचं खरं भांडण मुकंच असतं.
तो घरी येतो, बूट जागेवर ठेवतो,
न सांगता हात धुतो.

सकाळी अर्धा दिवस रजा टाकून मी शाळेत जाणार होते.
साडी काढून ठेवली होती, काय बोलायचं तेही.
पण त्याआधी, रात्री दोनच्या सुमारास,
ग्रिलवर बाहेरचा बोका आला. एक कान फाटलेला.
आणि बोंबील, आमचा हडकुळा बोंबील,
त्याच्या एवढ्याशा गळ्यातून
थंड पडलेली स्कूटर सुरू व्हावी तसा आवाज निघाला.
कान चपटे. अगदी इस्त्री.
हळद त्याच्या मागे, तिचाही तोच सूर.
बोका क्षणभर थांबला,
मग पत्र्यावरून धप धप करत गेला.

मला वाटलं तन्मेश झोपलाय.
तो गादीवर उठून बसला होता.
बऱ्याच वेळाने, अंधारात, दात आवळून,
अगदी हळू,
त्याने तो आवाज स्वतःच्या घशातून काढून पाहिला.
जमला नाही.
पुन्हा काढला.

मी कुशीवर वळले नाही, हलले नाही,
झोपेचं सोंग घट्ट धरून ठेवलं.