पाव फेरा

बेदाणा निवडताना बोटांना डोळे फुटतात.
काडी, खडा, काळपट मणी
पट्टा सरकता सरकताच उचलून बाजूला.
तरी ताटासमोर बसलेल्या लेकीचं तोंड
आठ वर्षांत मी नीट बघितलं नव्हतं.

तासगावच्या शाळेत तपासणी झाली.
कोष्टी बाईंनी वहीत चिठ्ठी चिकटवली :
दूर्वाचे वरचे दात खालच्यांच्या आत बसतात,
दाखवून घ्या.
शेजारची म्हणाली, "निम्मे दुधाचंच हायत न्हवं?
पडतील, येतील. मोठी झाल्यावर बघा की."

मोठी झाल्यावर.
माझ्या लग्नाच्या अल्बमात एकशेचाळीस फोटो,
एकातही माझे दात नाहीत.

सांगलीत, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर मगदूमांनी फिल्म उजेडावर धरली.
दुधाच्या दातांखाली, हाडात,
पुढचे दात दाटीवाटीनं उभे,
यष्टीच्या दारात लोंबकळावं तसे.
एक सुळा तर आडवाच पडलेला.
"टाळूची शिवण अजून कच्ची आहे," ते म्हणाले,
"आत्ता ढकलली तर सरकते.
पुढं ती मिटत जाते, मग काम जड."
मी विचारलं, झोपेत तोंड उघडं टाकून घोरते,
तेही यातलंच का?
"असू शकतं. कधीपासून?"
मला सांगता आलं नाही.

आता रोज रात्री पाव फेरा.
टाचणीएवढी चावी, तिला दोरा बांधलेला,
निसटलीच तर घशात जाऊ नये म्हणून.
डोकं माझ्या मांडीवर. पुढून मागं, हळू.
भरत टेम्पो कोल्ड स्टोरेजला लावून येतो
आणि उंबऱ्यातच थांबतो,
त्याला बघवत नाही.
औषध कंपनीच्या कॅलेंडरवर
दूर्वा रोज एक काडी मारते.
"आई, नाकाच्या मुळाशी
कुणीतरी दार ढकलतंय."

अकराव्या काडीला पुढच्या दोन दातांत फट पडली.
मी घाबरून फोन लावला.
डॉक्टर हसले, "तीच तर पाहिजे होती."
बारा-तेराव्या वर्षी तारा लागतील त्या लागतीलच,
हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय,
आणि हप्ता कितीचा, तेही.

तोंडातल्या त्या लोखंडामुळं
सांगलीची थांगली झालीय,
सकाळ थकाळ.
वर्गात पोरं चिडवतात. ती फटीतून
पाणी उडवते त्यांच्यावर.

काल फेरा झाल्यावर उठली नाही.
"तुझी चावी कुठाय?"
माझी शिवण मिटली गं, म्हटलं.
"बघू."
मोबाईलची बॅटरी लावली,
दोन बोटांनी माझा ओठ वर केला
आणि कितीतरी वेळ बघत राहिली,
बाईंसारखी, भुवया जवळ आणून.
इतक्या आत कुणी आलं नव्हतं आजवर.

मी वाट बघत होते, काय म्हणते.

"आई," ती म्हणाली,
"बेदाण्याचं थाल अडकलंय."