तिसरी जाळी

उद्यमनगरात, यासीन शिकलगारच्या पॅटर्न शॉपवर,
शनिवारी भट्टी थंडावली की
प्लायवूडच्या फळीवर आम्ही डोंगर मांडतो.
थर्माकोलचे कडे, खराट्याच्या काड्यांचा ऊस,
भांडी घासायच्या हिरव्या घासणीच्या करवंदीच्या जाळ्या.
माणसं शिसं-कथलाची, अंगठ्याच्या पेराएवढी,
यासीननं स्वतः ओतलेली.
एकाचं नाक साच्यातच राहिलं.
त्याला आम्ही हवालदार म्हणतो.

भांडण दर शनिवारी एकच:
कोणाला कोण दिसतं?

भूपाल उभा राहून बघतो. उंच माणूस,
वरून त्याला सगळंच दिसतं,
ओढा, वाट, ओढ्यामागं दडलेले पाच.
"हे काय, समोरच हायत की!"
तुला हायत, भावा.
तुझ्या शिपायाला न्हाईत.
त्याच्या पुढ्यात एक दगड आहे
आणि दगडापलीकडं नुसती दुपार.

मग वाकायचं.
हनुवटी फळीला, एक डोळा मिटून,
गाल शिपायाच्या पाठीला लावून.
भूपालचे गुडघे कडाकडा वाजतात.
तिथून ऊस डोक्यावरून जातो,
आणि कड्याच्या वर, आभाळाच्या जागी,
यासीनच्या शर्टाचं तिसरं बटण लटकत असतं.

तरी पटलं नाही तर दोरा.
सुभाषनगरातून आणलेला, चपला शिवायचा, मेणाचा.
ह्याच्या डोळ्यापासून त्याच्या छातीपर्यंत ताणायचा.
कुठं न अडता पोचला, तर दिसला.
जाळीला घासला, तर फासा:
चार किंवा वर पडले तर दिसला,
पळत असेल तर तीनलाच,
पोटावर असेल तर सहाशिवाय नाही.
उसात दोन बोटांपुढं कुणालाच काही नाही.
आणि ज्यानं गोळी झाडली
तो सगळ्यांना दिसला. दोरा नको, फासा नको.

हा शेवटचा नियम माझा.
भांडण मिटावं म्हणून लिहिला,
घरी गेल्यावर बराच वेळ त्याच्याकडंच बघत बसले.

मी पंच. जे फळीवर नाहीत
ते माझ्या वहीत असतात.
फळीवर त्यांच्याऐवजी कधी चिंचोके,
काहींच्या पोटात माणूस, काहींच्या काहीच नाही.
चिंचोका हलला म्हणजे रानात काहीतरी हललं,
एवढंच.
पण भूपाल हुशार. तो फळीकडं बघतच नाही,
माझ्या भुवयांकडं बघतो.
तेव्हापासून मी छताच्या चेन-पुलीकडं बघायला शिकले.

त्या शनिवारी यासीननं माझ्या वहीत लिहिलं:
हवालदार. करवंदीची तिसरी जाळी. वाट येईल तेव्हा.
चिंचोकासुद्धा ठेवला नाही.

वाट आली.
भूपालचे अकरा जण एका रांगेत,
जाळीपासून वीतभरही नाही,
पुढच्याची बंदूक खांद्यावर आडवी, मोकाट.
मी पुलीची साखळी मोजली. एक कडी, दोन कड्या.
यासीन चहात बिस्कीट बुडवत होता.
सातवा गेला. नववा.
अकरावा, त्याचा एक पाय मागच्या महिन्यात मोडलाय,
फेव्हिक्विकनं चिकटवलेला, तोही गेला.
बिस्कीट तुटून कपात पडलं.

भूपाल जिंकला. ओरडला एवढा की
खालचा वॉचमन वर आला.

जाळ्या डब्यात भरताना तिसरी मी उगाचच
उलटी करून बघितली. घासणीच होती.
हवालदार यासीनच्या खिशात.

गंगावेशीत दुधाचे पेले हातात घेऊन
भूपाल म्हशीच्या मालकाला लढाई सांगत होता,
तेव्हा मी हळूच विचारलं,
"झाडली का न्हाईस?"
यासीननं मिशीवरचा फेस पुसला.
"इसरलो."
फासा टाकायला हवा होता मी.
चार किंवा वर.

वहीतली ती ओळ अजून खोडलेली नाही.
खेळ संपला, पण तो कुठं दिसलाय कुणाला?

भूपालनं गाडीला किक मारली, वडणग्याला निघाला,
लाल दिवा पंचगंगेच्या उतारापर्यंत दिसत राहिला.
आपण किती जवळून गेलो
ते त्याला ठाऊक नाही.
पूल ओलांडला.
पुढं ऊस.