धुऊन काढल्यावर

रविवारी पेशींना सुट्टी नसते.
पाषाणच्या रिकाम्या रस्त्यावरून सात वाजता
मी स्कूटर काढतो, इन्क्युबेटरचं दार उघडतो.
सदतीस अंश,
तान्ह्याच्या टाळूएवढी ऊब.

नाळेतलं रक्त आलं बुधवारी, मंगळवार पेठेतून,
बर्फाच्या डब्यात. चिठ्ठीवर गायकवाड सिस्टरच्या अक्षरात
एक आकडा. आईचं नाव आम्हाला कळत नाही,
मुलगा की मुलगी तेही नाही.
त्यातून चुंबकाने वेचून घेतल्या शंभरातली एक अशा,
ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही.
(माझीही फाइल एकोणीस वर्षं विचाराधीन आहे,
पण तो विषय वेगळा.)

थाळीत तीन घरं.
पहिल्यात नुसता खुराक.
दुसऱ्यात औषध ज्यात विरघळवतात ते द्रावण;
हातमोजा फाटला की जिभेवर लसूण येतो त्याचा.
तिसऱ्यात तबस्सुम अत्तारचं औषध.

तिने मला एकदा समजावलं, पिपेट हातात धरून:
आत एक निरोप्या असतो, काका,
'लाल हो' हा सांगावा घेऊन गाभ्यापर्यंत धावणारा.
याच्या खिशात औषध जाऊन बसतं.
बस, एवढंच.
मारत नाही ना?
या मात्रेला तरी नाही.

चौदाव्या दिवशी नळ्या फिरवल्या.
पहिलीच्या तळाशी डाळिंबाचा दाणा.
दुसरीच्याही.
तिसरीच्या तळाशी भिजलेला साबुदाणा.
तबस्सुम म्हणाली, "मिळालं!"
मी म्हटलं, "काय मिळालं? काहीच झालं नाही की."
"तेच तर."

मग तिसऱ्यातल्या निम्म्या पेशी तिने तीनदा धुतल्या,
ताज्या खुराकात ठेवल्या, आणि आईला बघायला
भोसरीला गेली.
दोन रविवार मीच पाहिलं.
काही लाल झाल्या, उशिरा, जरा घाईघाईने.
काही तळाला चिकटून पसरल्या, त्यांचं भलतंच झालं.
आणि काही
तशाच. गोल, चकचकीत.
औषध नाही, अडवणारं कुणी नाही,
तरी तशाच.

वहीत दोनच रकाने होते.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं: अजून आहेत.

प्रयोग संपला होता. नियमाप्रमाणे
ब्लीच ओतायचं, वीस मिनिटं थांबायचं, बेसिनमध्ये सोडायचं.
मी बाटली खाली ठेवली,
दार लावलं,
आणि चहाला गेलो.